रेघेच्या किंचित उजवीकडे

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. माझ्या बहिणीला वाटतं, मी तिला सगळं सांगते. खरंच सांगते – हे सोडून. मग तुम्हांलाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीचं माणूस समोर असलं की मी बोलता बोलता स्वतःची बाजू मांडायला लागते, आणि शेवटी समोरचाच म्हणतो, "जाऊ दे गं, त्यात तुझी काय चूक?" तेवढं मला नको आहे.

फार मोठं काही नाही. एका स्वयंपाकघरात एका बाईनं मला साधा प्रश्न विचारला आणि मी एका शब्दात उत्तर दिलं. बस. पण त्या शब्दापर्यंत एकदम जाता येत नाही – मला तरी येत नाही. जरा लांबून यावं लागेल.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. मी बँकेत प्रमोशन घेतलं आणि बँकेनं मला साताऱ्याहून उचलून लखनौला टाकलं. वय पस्तिशीच्या आसपास, लग्न न झालेलं. 'न केलेलं' असं मी म्हणायचे. इंदिरा नगरमध्ये मिश्राजींच्या घरी वरची खोली मिळाली. माणसं सज्जन होती. पण पहिल्याच दिवशी मिसेस मिश्रांनी माझ्या सामानातली हार्मोनियमची पेटी पाहिली आणि हसून सांगितलं, "बिटिया, ये गाना-बजाना यहाँ नहीं हो पाएगा. अंकलजी को शोर से घबराहट होती है." पेटी खाटेखाली गेली. मीही म्हटलं, ठीक आहे. लहानपणी सात-आठ वर्षं शिकले होते, तेवढंच. मोडलेल्या सवयीला कोण रडतं?

पण घरात गाणं नाही आणि बाहेर मराठी नाही, असं झालं की माणसाचं काय होतं, हे तुम्हांला ठाऊक आहे का? दिवसचे दिवस तोंडातून मराठीचा शब्द जात नसे. भाजीवाल्या भैयाकडे मी कोथिंबीर म्हणायचे, मग जीभ चावून धनिया. आंघोळीला गेले की नळ पूर्ण सोडून मी मोठ्यानं मराठीत बोलायचे. काहीही. दिवसभरात काय झालं ते. पाण्याच्या आवाजात खाली ऐकू जात नसे.

त्याच सुमारास आमच्या शाखेत कंप्युटर आले. मला ट्रेनिंगला पाठवलं होतं आणि ते मला जमलं. इतकं जमलं की मी घरी एक घेतला, हजरतगंजच्या मागच्या गल्लीतून जुळवून. तो जुळवणारा माणूस बोलता बोलता म्हणाला, "मैडम, संगीत का शौक है? इसमें एक म्यूज़िक वाला भी डाल देता हूँ." कॉपी केलेली सीडी होती. ना पुस्तक, ना काही. मी घरी येऊन ते उघडलं, तर पडद्यावर नुसत्या आडव्या पट्ट्या आणि उभ्या रेघा, आणि कुठूनतरी टिक्-टिक् सुरू झालेली. ती टिकटिक बंद कशी करायची हे कळायला मला आठवडा लागला. हसू नका – खरंच लागला.

पण एकदा समजू लागलं, आणि मी वेडी झाले. लहानसा कीबोर्ड आणला, तार जोडली. एका पट्टीत त्या कीबोर्डवरच हार्मोनियम वाजवून ठेवायची, तिच्याखाली तानपुरा, त्याच्याखाली बासरी. चुकलेला सूर बोटानं उचलून जागेवर ठेवायचा, जसा तांदळातला खडा वेचावा. आणि सगळं हेडफोनमध्ये! खाली मिश्राजी निवांत पेपर वाचताहेत आणि वर माझ्या कानात आख्खी मैफल चालू आहे. मधेच बत्ती जायची आणि सेव्ह न केलेलं सगळं जायचं. मी अंधारात हेडफोन तसेच लावून बसायचे.

ऐकणारं कुणी नव्हतं. ही गोष्ट मला आधी सोय वाटली. मग नाही वाटली.

मेश्रामकाका मला बँकेतच भेटले. माझ्या हातून स्टँप पॅड पडलं, शाई साडीवर उडाली आणि मी "अगं बाई गं!" म्हणून ओरडले. काउंटरच्या पलीकडे उभा असलेला एक उंच, सडपातळ माणूस एकदम पुढे झाला.

"मराठी का जी तुम्ही?"

ते मानक नगरला राहायचे. रेल्वेच्या संशोधन संस्थेत ड्राफ्ट्समन होते, मूळचे भंडाऱ्याकडचे. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली. "रविवारी या जेवाले," म्हणाले. "आमच्या घरी मराठी बोलणारं मी अन् ही. पोरगं होतं तर तेही हिंदीतच उत्तर देत होतं. आता तेही दिल्लीले गेलं."

मी गेले. टेंपो बदलत बदलत, चारबागवरून, शहराच्या या टोकापासून त्या टोकाला. काकूंनी वांग्याची भाजी केली होती, झणझणीत. मी जेवता जेवता इतकी बोलले, इतकी बोलले, की शेवटी मलाच लाज वाटली. काकू म्हणाल्या, "बोला ना जी. तुंबलं असन."

काका तबला वाजवायचे. कॉलनीत कुणाचंही काही असो – बंगाली लोकांची पूजा, पंजाब्यांचं कीर्तन, शाळेचं गॅदरिंग, एप्रिलमधली जयंती – तबल्यावर मेश्रामसाब. आणि काकू गायच्या. शिकलेलं गाणं नव्हे. आईकडून आलेली, लग्नातली, पाळण्याची, जयंतीची गाणी. काकूंनी सूर धरला की काका नुसते त्यांच्याकडे बघत आणि हात आपोआप पडे. मी तसं पुन्हा कुठे पाहिलं नाही. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत, पण वाजवायला बसले की त्यांचं बोलणं चालू आहे असं वाटे.

एका रविवारी काकांनी मला त्यांच्या वडिलांबद्दल सांगितलं. वडील बिड्या वळायचे. पन्नाशीच्या आत हात कापू लागले. पानाला दोरा बांधता येईना, चहा सांडे. "लोक म्हणत, पिऊन राहते. माझ्या बापानं थेंब नाही घेतला कधी, बेटा." कामावरून काढलं. शेवटची वर्षं काकांची आई त्यांना भरवायची. हे सांगताना काका स्वतःचे हात बघत होते. लांब, स्वच्छ बोटं. म्हणाले, "मी ऑफिसात गेलो का पहिले एक रेघ ओढतो. पट्टी न लावता. ती सरळ आली का मंग कामाले लागतो." हे रेघेचं त्यांनी काकूंनाही सांगितलं नव्हतं. मला सांगितलं.

म्हणजे – मला माहीत होतं. पुढे जे झालं ते मला माहीत असताना झालं. एवढं लक्षात ठेवा.

गाण्यांची कॅसेट काढायची कल्पना माझीच. निवृत्तीनंतर ते गावी जाणार, काकूंची गाणी कुणी लिहून ठेवलेली नाहीत, तर आपण माझ्या कंप्युटरवर सगळी रेकॉर्ड करू. पेटी, तानपुरा मी मशीनवर घालते, काका तबला वाजवतील, काकू गातील. काका लहान मुलासारखे खूश झाले. तोवर मी मशीनमध्ये बाहेरचा आवाज कधी घेतलाच नव्हता. पण हे मी त्यांना बोलले नाही. बोलले असते तर? त्यांच्या घरात मी 'कंप्युटरवाली' झाले होते. मला ते आवडत होतं.

जानेवारीत मिश्राजी सहकुटुंब माघस्नानासाठी प्रयागला गेले. घर रिकामं. रविवारी दुपारी काका स्कूटरवरून आले, मागे काकू, त्यांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला तबला-डग्गा. बाहेर असं धुकं की दुपारीही समोरचं घर दिसत नव्हतं. मी चटई अंथरली, माइक लावला, काकांच्या कानांवर हेडफोन चढवले. त्यांच्या कानात माझी पेटी वाजू लागली आणि त्यांनी ठेका धरला. खोलीत आम्हां दोघींना फक्त तबला ऐकू येत होता. सुंदर वाजत होता.

मग मी दोन्ही एकत्र लावून ऐकवलं आणि काहीतरी खटकलं. पेटी पुढे, तबला तिच्या पाठीमागे. किंचित. जिना उतरताना मागच्या माणसाचं पाऊल आपल्या पावलामागून पडत राहावं, तसं.

"थंडी आहे," काका म्हणाले. हीटर जवळ ओढला, हात शेकले. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. काकूंनी माझ्या स्टोव्हवर आल्याचा चहा केला. चहा झाला, पुन्हा वाजवलं. तेच. आता माझीही चिडचिड व्हायला लागली होती. मनातून मी घाबरले होते, आणि घाबरले की मी चिडते.

मी त्यांना पडदा दाखवला. त्यांनी चष्मा लावला, वाकले.

"या उभ्या रेघा?"

"मात्रा, काका. तिथं थाप पडायला हवी."

"अन् हे टोकदार?"

"ती तुमची थाप."

काकांचा सगळा जन्म रेघांत गेलेला. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. काचेवरून नख फिरवत ते एकेक थाप बघत गेले.

"सगळ्या उजव्या अंगाले," ते म्हणाले. "म्हणजे उशीर."

"हो. किंचित."

खाटेवरून काकू म्हणाल्या, "मले तर बराबर वाटते जी."

"तुले का समजते?" काका मागे न बघता म्हणाले. "इथं दिसून राहिलं ना."

आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी तेव्हा काहीही म्हणू शकले असते. मला अजून हे नीट येत नाही, काका, म्हणू शकले असते. ते खरं होतं. मी म्हटलं, "कंप्युटर कसा चुकेल? होतं वयानं. हात जरा जड होतात."

हात. मी 'हात' म्हटलं. माहीत असून.

साताऱ्यातल्या आमच्या आळीतल्या एखाद्या काकांना मी हे इतक्या सहज म्हटलं असतं का? हा प्रश्न मी फार वर्षं स्वतःला विचारूच दिला नाही. म्हटलं नसतं. मेश्रामकाका मला मॅडम म्हणता म्हणता बेटा म्हणू लागले, तरी माझ्या शिक्षणाचा, माझ्या मशीनचा, कदाचित माझ्या आडनावाचाही मान ठेवून बोलायचे. आणि तो मान मी घेत होते.

काकांनी उजवा हात मांडीवर ठेवला, त्यावर डावा ठेवला. मग उठून तबला चादरीत गुंडाळू लागले.

त्याच आठवड्यात मला कळलं.

संध्याकाळी बँकेतून आले, तेव्हा सहज माइकसमोर टेबलावर बोटं वाजवत होते, टिकटिकीबरोबर. पडद्यावर पाहिलं तर माझ्या टिचक्याही उजवीकडे. तेवढ्याच. मी पुन्हा वाजवलं. तेवढ्याच! मग एक तार घेतली आणि मशीनचा बाहेर जाणारा आवाज मशीनच्याच तोंडात दिला – म्हणजे माणूस मधे नाहीच, हात नाहीतच – आणि ते रेकॉर्ड केलं. मशीन स्वतःच्याच मागे पडत होतं. तेवढंच.

आवाज आत घ्यायला कंप्युटरला जरासा वेळ लागतो. तो उशीर किती, हे प्रोग्रॅमला सांगावं लागतं, मग तो आवाज तेवढा मागे ओढून जागेवर ठेवतो. त्यासाठी एक चौकोन होता, एका मेन्यूच्या पोटात. माझ्याकडे तो भरलेलाच नव्हता. मी तो आकडा घातला, काकांचा तबला तेवढा डावीकडे सरकवला आणि हेडफोन लावले.

काय सांगू तुम्हांला? प्रत्येक थाप रेघेवर. प्रत्येक. आणि तेव्हा आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी मला त्या दुपारीच दिसायला हवी होती. थकलेला हात कधी पुढे जातो, कधी मागे राहतो. यांची प्रत्येक थाप अगदी सारख्या अंतरानं मागे होती. इतका स्थिर हात त्या वयात मी दुसरा पाहिलेला नाही. पुरावा माझ्या समोर होता आणि मी तोच उलटा वाचला.

मी एकटीच खोलीत हसत होते. रविवार कधी येतो असं झालं होतं मला. हे खरं आहे – मी सांगायलाच निघाले होते. टेंपोत बसून मनातल्या मनात वाक्यं जुळवत गेले.

दार काकांनी उघडलं. बसवलं. मी तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "बेटा, तुह्या मशीननं लय बरं केलं."

त्यांनी साहेबांना जाऊन सांगितलं होतं. वेळेआधी निवृत्ती मागितली होती. "नकाशा चुकला तर गाडीचं चाक निखळते. जबाबदारीचं काम आहे. हात भरवशाचे नाही, तर बसाव कशाले तिथं?" तबला कीर्तनवाल्या सरदारजींना देऊन टाकला होता. आणि हे सगळं सांगून ते हात जोडल्यासारखं करून म्हणाले, "बाकी सारे वाहवा करत होते. खरं बोलणारं एकच माणूस भेटलं. तू."

काकूंनी चहा आणला. काकांनी कप दोन्ही हातांनी धरला, घट्ट, ओंजळीत पाखरू धरावं तसा.

सांगा, त्यानंतर काय बोलायचं? – नाही, तुम्हांला विचारत नाही. बोलायला एक वाक्य पुरे होतं. "काका, चूक माझी होती." सरदारजींकडून तबला परत आणता आला असता. अर्ज मागे घेता आला असता. ते रागावले असते का? मला वाटतं, ते रडले असते आनंदानं. मी चहा प्यायले. पुढच्या रविवारी सांगू, असं ठरवलं.

पुढच्या रविवारी मी गेले, तेव्हा काका दारातच उभे होते. माझी वाट बघत. आणि इथे – इथे मी खरी अडखळते. माझी अब्रू जाईल म्हणून गप्प बसले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. शाखेत मला कंप्युटरचं सगळं बघायला दिलं होतं, माझं हसं होईल, वगैरे. ते होतंच. पण ते खरं कारण नव्हतं.

खरं कारण असं, की घाबरलेल्या काकांना मी लागू लागले होते. आधी मी त्या घरी पाहुणी होते. आता ते मला बाजूला बसवून हळू आवाजात विचारत, "आज कप हालला का? तुले दिसला?" मी म्हणे, "नाही, काका, आज छान आहे." त्यांना तेवढ्यानं बरं वाटे. काकूंना न सांगितलेली भीती ते माझ्याजवळ सांगत. मुलगा दिल्लीहून फोन करी, तेव्हा म्हणत, "आमची मुलगी आली आहे." मी शनिवारीच जाऊ लागले. माझी चादर तिथं झाली, माझा पेला झाला. मी दिसले नाही तर मधेच शाखेत फोन येई. मला शोधणारं, माझी वाट पाहणारं घर लखनौत मिळालं होतं – आणि ते कशावर उभं होतं, हे मला एकटीला ठाऊक होतं. मी सांगितलं असतं, तर काका पुन्हा वाजवायला बसले असते. काकूंकडे बघत. मग माझ्याकडे कुणी पाहिलं असतं?

मला ते बरे व्हायला नको होते. लिहिताना हात थांबतो, पण हे असंच आहे.

कॅसेट आम्ही पूर्ण केली. मिश्राजी आता घरी होते, पण वाजवणं नाही, नुसतं गाणं आहे, असं म्हटल्यावर मिसेस मिश्रांनी दुपारची परवानगी दिली. तबला मशीनचा घातला. त्या प्रोग्रॅममध्ये होता तो, पत्र्यासारखा वाजणारा. काकू हेडफोन लावून त्यावर गायल्या. दोन-तीनदा मधेच थांबल्या, इकडेतिकडे बघितलं, जणू कुणी खोलीतून उठून गेलंय. चौकोनात आकडा घातलेला होता. सगळं जागेवर पडलं.

त्यानंतरच्या एका शनिवारी, मानक नगरला. काका बाहेर पायरीवर उन्हात बसलेले. काकू पोळ्या लाटत होत्या, मी भाजत होते. त्यांनी लाटणं थांबवलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, "लग्न झालं तवापासून यांच्या ठेक्यावर गाऊन राहिली मी. मले कधी थांबाव नाही लागलं." मी तव्यावर पोळी टाकली. मग त्यांनी विचारलं,

"बाई, एक सांगा. मशीन चुकते का कधी?"

मी म्हटलं, "नाही."

हाच तो शब्द. विचार करायला वेळही घेतला नाही मी. पोळी उलटली आणि म्हटलं, नाही.

"अस्सं," काकू म्हणाल्या आणि पुढचा उंडा घेतला.

पुढचं थोडंच आहे. काकांचा अर्ज मंजूर झाला. उन्हाळ्यात त्यांनी क्वार्टर सोडलं. चारबाग स्टेशनवर मी पोचवायला गेले होते. काकांनी हात खिशातून काढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि लगेच पुन्हा खिशात घातला. हात खिशात ठेवायची त्यांना तोवर सवयच झाली होती.

मग पुन्हा इंदिरा नगर, पुन्हा आंघोळीच्या वेळचं बोलणं. प्रोग्रॅम मात्र मी सोडला नाही. अलीगंजमध्ये मराठी लोकांचा गणपती बसतो असं पुढे कळलं, त्यांच्या कार्यक्रमांना संगीत करून दिलं. लोक म्हणायचे, काय हो, एकट्या बाईनं एवढं सगळं केलं! मी हसायचे. काकांची पत्रं येत, लहान लहान. अक्षर छापल्यासारखं. त्या अक्षराकडे बघूनही मी काही लिहिलं नाही. नंतर बदल्या झाल्या, पत्रं कमी झाली, थांबली.

कितीतरी वर्षांनी माझी बदली नागपूरला झाली. चौकशी करत भंडाऱ्याजवळच्या त्यांच्या गावी गेले, तर काकांना जाऊन वर्ष उलटलं होतं. छातीत दुखलं आणि गेले. काकू एकट्याच होत्या. मला पाहून त्यांनी आधी पदरानं खुर्ची पुसली.

मी विचारलं – मला विचारायलाच हवं होतं – "हात?"

"काही नव्हतं जी हाताले. शेवटच्या दिवशी सुईत दोरा ओवून देल्ला मले." त्या सावकाश सांगत होत्या, तक्रार नव्हती आवाजात. पण काकांनी कधी कुणाच्या घरी चहा घेतला नाही. सांडला तर लोक बापाला म्हणत तसंच काही म्हणतील. नातवाला कडेवर घेतलं नाही, हातातून पडेल. लग्नाकार्यात लोक तबल्यावर बसायचा आग्रह करत, ते उठून मागच्या दारानं घरी येत. मुलानं नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं सगळं तपासून सांगितलं, यांना काहीही झालेलं नाही.

"तर का म्हणाले माहीत आहे?" काकू म्हणाल्या. "म्हणे, डॉक्टरले का समजते. मशीनवर दिसलं होतं."

आणि त्या थांबल्या. माझ्याकडे बघत. काही विचारलं नाही त्यांनी, पण जागा ठेवली होती. मी त्या जागेत बोलू शकले असते. आता कुणाचं काही जाणार नव्हतं, माझं सोडून.

बाहेर कुणीतरी म्हशीला हाकत गेलं. काकू उठल्या, पान घेतलं. वरण, भात, वांग्याची भाजी, तशीच झणझणीत. मी खाली मान घालून जेवले. भात संपत आला तेव्हा त्यांनी विचारलं, अजून वाढू का.

मी हो म्हटलं.